रिजेक्शन कुठे लिहिले आहे?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची, म्हणजे सगळे ज्याला आयक्यूएसी म्हणतात त्याची, बैठक होती. या कक्षाचे अध्यक्ष प्राचार्य असतात. शिक्षक, व्यवस्थापनाचे प्रतिनिधी आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्या जोडीला विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि स्थानिक उद्योजकही सदस्य असावेत, अशी त्याची रचना आहे. आमचे उद्योजक सदस्य कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, चालवतात. एरवी ते चहा घेतात, सही करतात आणि निघतात. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्यासमोरची निकाल विश्लेषणाची फाइल ओढून घेतली, सावकाश चाळली आणि विचारले, "सर, फाइल झ्याक झालीया. पण ह्यात रिजेक्शन कुठं लिवलंय?"

रिजेक्शन म्हणजे तपासणीत नाकारला गेलेला माल. मी कक्षाचा समन्वयक असल्याने उत्तर मलाच द्यायचे होते, आणि ते माझ्याकडे नव्हते. त्यांच्या कारखान्यात प्रत्येक ओतकामावर हीट नंबर, म्हणजे धातू कोणत्या खेपेत वितळवला त्याचा क्रमांक, असतो. मशीनिंगला गेलेला जॉब ब्लो होल (वायूमुळे पडलेले छिद्र) दिसला म्हणून परत आला, तर त्या नंबरावरून त्या दिवशीचे धातूचे मिश्रण, वाळूतली ओल आणि कोणत्या पाळीत ओतले गेले, इथपर्यंत मागे जाता येते. आमच्या फाइलमध्ये उत्तीर्णांची टक्केवारी होती, मागील पाच वर्षांचा रंगीत आलेख होता आणि खाली 'उपचारात्मक वर्ग घेण्यात आले' असे वाक्य होते. नापास झालेली मुले कोण, कुठली आणि नेमकी कशात अडली, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. मी स्वतः कॉस्टिंग, म्हणजे उत्पादन खर्चाचा हिशेब, शिकवतो. नॉर्मल लॉस (अटळ, अपेक्षित नुकसान) आणि ॲबनॉर्मल लॉस (टाळता येण्याजोगे नुकसान) यांतला फरक फळ्यावर मांडण्यात माझी कित्येक वर्षे गेली आहेत. त्यामुळे तो प्रश्न जरा जास्तच लागला.

हे असे का होते, हे समजून घ्यायचे तर मूल्यांकनाची रीत पाहावी लागते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर उच्च शिक्षणाच्या मूल्यांकनासाठी स्वतंत्र यंत्रणेचा विचार पुढे आला आणि १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नॅकची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेची, स्थापना केली. सात निकष, एकूण १००० गुण आणि शेवटी चारपैकी सरासरी व त्यावरून श्रेणी, असा हा हिशेब ठरला. २०१७ पासूनच्या सुधारित पद्धतीत सुमारे ७० टक्के मूल्यांकन ऑनलाइन भरलेल्या माहितीवर आणि तिच्या पडताळणीवर होऊ लागले, तर पीअर टीमच्या, म्हणजे बाहेरच्या प्राध्यापकांच्या तपासणी समितीच्या, प्रत्यक्ष भेटीच्या वाट्याला सुमारे ३० टक्के उरले. हेतू चांगलाच होता, कारण समितीच्या पाहुणचारावर श्रेणी ठरू नये, अशीच सर्वांची इच्छा होती. पण पुरावा अपलोड करता येतो तेवढीच गुणवत्ता, अशी समजूत त्यातून आमच्यात रुजली. व्याख्यान झाले की आधी जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो काढायचा. वक्ता काय बोलला, ते नंतर. आणि तीनावर दोन दशांश स्थळे सांभाळत चाललेल्या शर्यतीत हे स्वाभाविकही आहे. ए डबल प्लस या सर्वोच्च श्रेणीची रेषा ३.५१ वर होती, आणि आमच्या शिवाजी विद्यापीठाने २०२१ मध्ये ३.५२ गुण मिळवून ती ओलांडली. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच अभिमान वाटला, तो आजही आहे. पण शतांशावर श्रेणी बदलते हे एकदा दिसल्यावर प्रत्येक महाविद्यालय शतांशांच्याच मागे लागले.

संलग्न महाविद्यालयांसाठी या १००० पैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या एकाच निकषाला होते, ही गोष्ट मला नेहमी दिलासा देणारी वाटत आली आहे. कागदावर तरी वजन वर्गालाच दिले होते. त्यातच 'कोर्स आउटकम', म्हणजे विषय शिकून मुलांना जे यायला हवे ते, साध्य झाले का, हे मोजण्याची अपेक्षा आहे. हा तक्ता प्रामाणिकपणे भरला तर तोच आमचा हीट नंबर ठरेल. प्रत्यक्षात ते किती साध्य झाले याचे एक, दोन, तीन असे आकडे आम्ही एका दुपारी, चहाच्या दोन फेऱ्यांत, सगळ्या विषयांसाठी भरून टाकले होते. त्या टेबलावर मीही होतो.

मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, हेही याच निकषात विचारले जाते. त्यावर महाविद्यालयाच्या हाती फारसे काही नाही. पदभरती शासनाच्या मान्यतेवर अवलंबून असते आणि तोवर वर्ग सीएचबीवरची, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेली, माणसे सांभाळतात. तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाकडून तासाबाहेरचे निकाल विश्लेषण मागताना मला संकोच वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे.

बैठकीनंतर आम्ही दोघांतिघांनी कॉस्टिंगमध्ये नापास झालेल्या मुलांची नावे घेतली आणि मागे जाऊ लागलो. मार्क सारखेच कमी होते, चुका मात्र वेगवेगळ्या. एक गट सुरुवातीच्या प्रकरणांतच, कॉस्ट शीटवरच, अडला होता. त्यांची गावे पाहण्यासाठी कार्यालयातून एस.टी. पासच्या दाखल्यांचे रजिस्टर आणले. नॅकच्या कुठल्याही निकषात या रजिस्टरला जागा नाही, म्हणून ते कधी कोणी सजवले नव्हते, आणि म्हणूनच ते खरे होते. त्या गटातली बहुतेक मुले राधानगरी रस्त्यावरच्या गावांची निघाली.

मग विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचे आमच्याकडचे कागद काढले. नॅकच्या नमुन्यात वीस प्रश्नांना शून्य ते चार असे गुण द्यायचे असतात आणि एकविसाव्यात मुलांनी सूचना लिहायच्या असतात. आम्ही वीस प्रश्नांच्या सरासऱ्या काढल्या होत्या. एकविसावा रकाना कोणी वाचलाच नव्हता, कारण त्याची सरासरी निघत नाही. त्यात एका मुलीने स्वच्छ अक्षरात लिहिले होते: 'कॉस्टिंगचा तास ७.२० ला असतो. आमची गाडी स्टँडवर ७.३५ ला लागते.' हाच मजकूर आदल्या वर्षीच्या कागदांतही, वेगळ्या अक्षरात, सापडला. त्या वर्षीच्या कार्यवाही अहवालात मात्र 'विद्यार्थ्यांच्या सूचनांची दखल घेण्यात आली' असे लिहून खाली सही होती. सही माझी.

उपाय सोपा नव्हता. अकरानंतर खोल्या कनिष्ठ महाविद्यालयाला लागतात, म्हणून सकाळचे सत्र पुढे ढकलता येत नाही. पहिला तास कोणता ठेवला तरी कोणता तरी विषय बुडणारच. शेवटी कॉस्टिंग तिसऱ्या तासाला घेतले, पहिल्या तासाला गटागटाने आळीपाळीने घेता येतील अशी सरावाची सत्रे ठेवली आणि आगार व्यवस्थापकांना गाडीच्या वेळेबद्दल पत्र दिले. त्या मुलांचा पुढील सत्राचा निकाल थोडा सुधारला. पण एका सत्रावरून काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही.

आता श्रेणींऐवजी मान्यताप्राप्त किंवा अमान्य असा दुहेरी निर्णय आणि त्यापुढे पाच स्तर, अशी पद्धत आणण्याचे नॅकने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत लाचखोरीच्या प्रकरणात सीबीआयने तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली, तेव्हापासून प्रत्यक्ष भेटींवरचा विश्वास आणखी उडाला आहे. शतांशांची शर्यत थांबणार असेल तर मला बदल मान्य आहे. फक्त सगळेच पोर्टलवर गेले, तर दाखल्यांच्या रजिस्टरासारख्या गोष्टी बाहेरच्या कोणाला दिसणार नाहीत. त्या आतल्याच माणसांनी उघडाव्या लागतील.

यंदाच्या बैठकीत मी हे सगळे दोन पानांत मांडले. प्राचार्यांना आवडले, वार्षिक अहवालात हे उत्तम उपक्रम म्हणून टाकू, असे ते म्हणाले. फौंड्रीवाले सदस्य पाने उलटत होते. म्हणाले, "राधानगरीचं कळलं. गगनबावड्याच्या गाडीचं काय?"

ते आम्ही पाहिले नव्हते. रजिस्टर सध्या माझ्या टेबलावर आहे.