फॅरर पार्क ते पडांग: सिंगापुरात आझाद हिंद फौजेच्या मागावर

सिंगापूरला जाणारे आपले बहुतेक पर्यटक मर्लायनसमोर छायाचित्रे काढून परततात. तेथून थोड्याच अंतरावर, एस्प्लनेड पार्कमध्ये, आझाद हिंद फौजेच्या स्मारकाची जागा आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. युद्धकैद्यांमधून परक्या भूमीवर उभी राहिलेली ही फौज समजून घ्यायची असेल, तर तिच्याशी निगडित ठिकाणे घटनाक्रमाने पाहावीत, असे आम्ही ठरवले होते. तसे केल्याचा खरोखर उपयोग झाला, म्हणून त्याच क्रमाने हा वृत्तांत देत आहे.

सुरुवात अप्पर बुकित तिमाह रोडवरील जुन्या फोर्ड कारखान्यापासून करावी. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हल यांनी जपानी जनरल यामाशितांपुढे शरणागती पत्करली ती याच इमारतीत, आणि आता तेथे जपानी अंमलाच्या काळावरील संग्रहालय आहे. डाउनटाउन मार्गिकेवरील ह्यूम स्थानक येथून जवळ पडते. परदेशी पर्यटकांना माफक प्रवेशशुल्क आहे. साप्ताहिक सुट्टी आणि वेळा संकेतस्थळावर पाहूनच निघावे. दोन तास तरी हाताशी ठेवावेत, कारण शरणागतीपूर्वीच्या सत्तर दिवसांत मलायात काय घडले हे कळल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. ज्या साम्राज्यासाठी भारतीय सैनिक लढत होते, त्याची अजिंक्यतेची प्रतिमा त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळली होती.

तेथून डाउनटाउन मार्गिकेनेच थेट लिटल इंडियाला उतरता येते. पुढे फॅरर पार्कपर्यंत पायी जावे. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी सुमारे ४० हजार भारतीय सैनिकांना येथे गोळा करण्यात आले आणि कर्नल हंट या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपानी सैन्यातील मेजर फुजिवारा यांच्या स्वाधीन केले. भारतीयांना त्यांच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांपासून आधीच वेगळे काढलेले होते. फुजिवारांनंतर भारतीय अधिकारी कॅप्टन मोहनसिंग बोलले आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी फौज उभारण्याचे आवाहन त्यांनी केले. आज भोवती उंच इमारती आहेत आणि या परिसराचा पुनर्विकासही ठरलेला आहे, त्यामुळे मैदान पाहण्याच्या अपेक्षेने जाऊ नये. तरीही जावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण एका सकाळी हजारो माणसांपुढे आपली निष्ठा नेमकी कोणाशी, हा प्रश्न येथे उभा राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी एकच दिले नाही. काही जण देशप्रेमाने पुढे आले. काहींच्या मनात वेतनातला आणि वागणुकीतला भेदभाव सलत होता. जपान्यांच्या छळापासून आपल्या जवानांना वाचवता येईल, या विचारानेही काही अधिकारी फौजेत गेले. आणि हजारो जणांनी घेतलेली शपथ मोडण्यास साफ नकार दिला. सप्टेंबर १९४२ मध्ये पहिली फौज रीतसर उभी राहिली तेव्हा तिच्यात सुमारे १६ हजार सैनिक होते. तिच्या ब्रिगेडना गांधी, नेहरू आणि आझाद ही नावे देण्यात आली होती. जपान्यांच्या हेतूंविषयी मोहनसिंग यांना शंका येऊ लागली, मतभेद विकोपाला गेले आणि डिसेंबरात त्यांना अटक झाली. जपानच्या हातचे बाहुले होण्यास नकार देणाऱ्या या माणसाला आपल्याकडे मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही, असे मला मनापासून वाटते.

लिटल इंडियाहून मेट्रोने पुढच्याच धोबी घाट स्थानकावर उतरले की कॅथे इमारत जवळ आहे. येथील चित्रपटगृहात ४ जुलै १९४३ रोजी पूर्व आशियातील भारतीय स्वातंत्र्य चळवळीचे नेते रासबिहारी बोस यांनी नेतृत्वाची सूत्रे सुभाषबाबूंकडे सोपवली आणि २१ ऑक्टोबरला आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. जुना दर्शनी भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेला आहे. तो रस्त्यावरूनच पाहता येतो. त्या सरकारात फौजेचे प्रतिनिधी म्हणून सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते. फौजेच्या लष्करी कारभाराची मोठी जबाबदारी त्यांच्यावर होती आणि स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवून तेथे उभे राहावे.

पडांग या मैदानासाठी संध्याकाळ राखून ठेवावी, कारण दुपारचे ऊन आणि दमटपणा सोसवत नाही. छत्री मात्र कोणत्याही महिन्यात जवळ हवी. सिटी हॉल स्थानकावरून चालत येता येते. ५ जुलै १९४३ रोजी सुभाषबाबूंनी या मैदानावर फौजेची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. समोरची पालिकेची इमारत आता नॅशनल गॅलरीचा भाग आहे. त्याच इमारतीत १२ सप्टेंबर १९४५ रोजी दोस्त राष्ट्रांचे आग्नेय आशियातील सरसेनापती माउंटबॅटन यांनी जपान्यांची शरणागती स्वीकारली. मधल्या सव्वादोन वर्षांत ‘सुभाष ब्रिगेड’ घडली होती. गांधी, नेहरू आणि आझाद या तिन्ही ब्रिगेडमधून निवडलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांची ही तुकडी मलायातील ताइपिंग येथे शाहनवाझ खान यांच्या हाताखाली उभी राहिली, ब्रह्मदेशात कलादन खोऱ्यात आणि चिन डोंगरांत लढली, आणि अपुरे अन्न, मलेरिया व पावसाळा यांच्याशी झुंजत मागे फिरली.

रस्ता ओलांडला की एस्प्लनेड पार्क लागतो. ८ जुलै १९४५ रोजी सुभाषबाबूंनी येथे फौजेच्या अज्ञात सैनिकाच्या स्मारकाची कोनशिला बसवली आणि फौजेतले कर्नल सिरिल स्ट्रेसी यांनी ते झपाट्याने बांधून घेतले. ब्रिटिश परतताच, सप्टेंबरमध्ये, माउंटबॅटन यांच्या आदेशाने ते पाडण्यात आले. सध्या दिसतो तो १९९५ साली बसवलेला स्मृतिफलक आहे. तो आकाराने लहान असल्याने पटकन नजरेत भरत नाही, म्हणून लिम बो सेंग यांच्या स्मारकाची खूण धरून शोधावा.

दुसरा दिवस क्रांजीच्या युद्धस्मारकासाठी ठेवावा आणि तो वगळू नये. लाल मार्गिकेवरील क्रांजी स्थानकावरून पायी जाता येते, आणि प्रवेशास शुल्क नाही. येथील भिंतींवर २४ हजारांहून अधिक नावे आहेत आणि त्यांत भारतीय सैनिकांचीही मोठी संख्या आहे. जवळच्या दहनस्मारकावर सुमारे ८०० जणांची नोंद असून त्यांतील बहुतेक ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातले आहेत. आझाद हिंद फौजेत जाण्यास नकार देणाऱ्या हजारो कैद्यांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या ठिकाणी मजुरीला नेले आणि तेथे त्यांचे अतोनात हाल झाले. त्यांचा निर्णयही तितकाच कठीण होता. एखाद्याचे नाव शोधायचे असल्यास राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर भिंतीचा क्रमांक आधीच पाहून ठेवावा, कारण उन्हात रांगेने नावे वाचत जाणे ज्येष्ठांना झेपत नाही.

सिंगापूरसाठी व्हिसा अधिकृत प्रतिनिधीमार्फत काढावा. आगमनपत्र प्रवासापूर्वीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे.