तेरा टी-शर्टांमधून एक शॉर्ट्स

कपाटातले शर्यतींचे टी-शर्ट मोजले, तेरा भरले. सगळे पॉलिएस्टरचे आणि सगळे ‘युनिसेक्स’, म्हणजे पुरुषी मापाचे: खांद्यावर ओघळणारे, कमरेखाली घट्ट. मला हवी होती सत्तरच्या दशकातली धावण्याची शॉर्ट्स. आखूड, बाजूला गोलसर चीर, कडेने वेगळ्या रंगाची पट्टी. दुकानात तशी मिळते, ‘रिसायकल्ड’ही असते, पण ते कापड बहुतेकदा प्लास्टिकच्या बाटल्यांपासून काढलेलं. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा कपडा झाला की तो रस्ता जवळजवळ बंद. घरात तेरा टी-शर्ट पडून असताना त्यात आणखी भर कशाला? शिवायला बसले.

तसं बघितलं तर ज्या काळाच्या फॅशनवर मी भाळले, त्यात बायकांसाठी शिवलेलं फारसं काही नव्हतंच. 1966 साली बॉबी गिब बोस्टन मॅरेथॉन धावली ती भावाची बर्म्युडा शॉर्ट्स आणि मुलांचे बूट घालून. तिथे बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला 1972 साली.

पहिली शॉर्ट्स फसली. साध्या सुईने विणीच्या कापडावर टाके सुटत गेले. गोल टोकाची सुई लावल्यावर ते थांबलं, पण सरळ शिलाई ताणल्याबरोबर तटातट तुटली. सगळं उसवून झिगझॅग टाका घातला. घालून निघाले आणि आठव्या किलोमीटरला मांडीच्या आतल्या बाजूला आग. आसनात, म्हणजे दोन पायांच्या मधल्या जोडावर, चार शिवणी नेमक्या एकाच बिंदूत आल्या होत्या. घरी येऊन अंगावर पाणी घेतलं तेव्हा जी किंचाळले, ती शेजारी ऐकू गेली असणार.

दुसऱ्या वेळी दोन पायांच्या मध्ये पतंगाच्या आकाराचा तुकडा जोडला. आता शिवणी एका जागी गोळा न होता चार बाजूंना फाकतात, घासत नाहीत. छपाईचा भाग टाळून कापलं, कारण त्या रबरी अक्षरांखाली घाम अडकून बसतो. नेफ्यात जुन्या ट्रॅकपँटचं इलास्टिक ओवलं. पट्टीसाठी कापड ताणाच्या दिशेनेच कापायचं, नाहीतर चिरेपाशी चुन्या पडतात. हे कळेपर्यंत एक अख्खा पिवळा टी-शर्ट वाया गेला.

फार हुरळून जाण्यासारखंही नाही म्हणा. पॉलिएस्टर जुनं असो की नवं, धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात सुटतातच. म्हणून शॉर्ट्स धावून आल्यावर नुसती खंगाळून वाळत टाकते. मशीन लावते ती पूर्ण भरल्यावर, थंड पाण्यात, छोट्या फेरीवर. सॉफ्टनर बंद केलंय. त्याचा थर बसला की कापड घाम ओढेनासं होतं.

ब्रा मात्र विकतचीच. 1977 साली लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप, म्हणजे आतून घालायचे लंगोटासारखे आधारपट्टे, एकत्र शिवून धावण्याची पहिली ब्रा उभी केली. तो किस्सा आठवून मीही कात्री हातात घेतली होती. आरशासमोर दोन उड्या मारल्या आणि ठेवून दिली.