खुडूक कोंबडीचे 21 दिवस

आमची तांबडी गावठी कोंबडी माघात खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, हात जवळ नेताच पिसे फुलवून चोच मारू लागली, तेव्हा टोपलीत भाताचा पेंढा पसरून रात्रीच्या अंधारात तिच्याखाली 11 अंडी ठेवली, कारण दिवसा हलवलेली कोंबडी पुष्कळदा बैठक मोडते. सातव्या रात्री विजेरीच्या उजेडात 9 अंड्यांत लाल शिरांचे जाळे दिसले. 2 कोरी निघाली, ती काढली. 21 व्या दिवशी पहाटे कवचाआडून चिवचिव ऐकू आली आणि दुपारपर्यंत 8 पिल्ले बाहेर पडली. पोटात शोषलेल्या बलकावर ती दिवसभर निभावतात, म्हणून आजीने कण्यांची घाई करू दिली नाही. पिल्लू बुडू नये यासाठी पाण्याच्या ताटलीत खडे टाकले. घारीपुढे मात्र डालग्याशिवाय, म्हणजे पिल्ले झाकायच्या टोपलीशिवाय, इलाज नाही.