कोंबडीला कोबीचं पान घातलं तर गुन्हा

इंग्लंडमध्ये परसात एकच कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती सक्तीची आहे. त्याबद्दल तक्रार नाही. बर्ड फ्लू आला की कुठे किती पक्षी आहेत हे कळायलाच हवं. घशाखाली उतरत नाही तो दुसरा नियम. घरच्या स्वयंपाकघरात शिरलेली खाण्याची कुठलीही वस्तू कोंबडीला घालायला इथे कायद्याने बंदी आहे. कोंबड्यांची पिसं का जातात आणि त्या एकमेकींना का टोचतात, याच्याशी या बंदीचा संबंध आहे.

कुठलीही म्हणजे कुठलीही. शिळी पोळी नाही, भाताची खरड नाही, मेथीची देठं नाहीत, कलिंगडाची साल नाही. बाजारातून आणलेला कोबी एकदा ओट्यावर ठेवला की कोंबडीसाठी बाद झाला. तोच कोबी परसातल्या वाफ्यातून उपटून थेट खुराड्यात नेला तर चालतो, मात्र वाटेत धुवायला स्वयंपाकघरात नेला तर चालत नाही. सूट फक्त प्राणिजन्य काहीच न वापरणाऱ्या घराला आहे. म्हणजे आपल्याकडचं सात पिढ्यांचं शाकाहारी घरसुद्धा यातून सुटत नाही, कारण फडताळात तूप असतं आणि फ्रिजमध्ये दही. वाळवलेले किडे घालायलाही परवानगी नाही. जी कोंबडी दिवसभर माती उकरून जिवंत किडे खाते, तिच्या बाबतीत हा नियम लागू आहे.

यामागचं कारण खोटं नाही, हे मान्य करायला हवं. २००१ साली इथे लाळ्या-खुरकूताची भयंकर साथ आली. ती नॉर्थम्बरलंडमधल्या एका वराहपालनातून पसरली, आणि नीट न उकळता डुकरांना घातलेलं खरकटं हेच तिचं मूळ मानलं गेलं. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. इतकं सोसलेल्या देशाने खरकट्याचा धसका घेतला तर त्यात नवल नाही, आणि मांसाचा कण कोंबड्यांपर्यंत पोचू नये हे तर शंभर टक्के बरोबर आहे. पण धुतलेली मेथीची काडी आणि खरकट्यातलं मांस एकाच पारड्यात घालणं काही पटत नाही. घरातला पाला कचऱ्याच्या डब्यात जातो, आणि मग कोंबड्या कंटाळू नयेत म्हणून दुकानातून टांगायचे चेंडू, टोचायच्या दाण्याच्या विटा, आरसे आणायचे. उकिरडा बंद करायचा आणि उकिरड्याचं काम विकत घ्यायचं, असा हा प्रकार आहे.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण म्हणजे कोंबड्यांची पिसं जाण्याचा आणि कंटाळ्याचा थेट संबंध आहे. मोकळी कोंबडी दिवसाच्या उजेडातला निम्म्याहून जास्त वेळ उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. तिला बंद जागेत ठेवून गोळी खाद्य दिलं, तर दिवसाचं पोट थोड्या वेळात भरतं. चोच मात्र रिकामीच राहते, आणि ती शेजारणीच्या पाठीवर चालायला लागते. इंग्लंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२२ ते १८ एप्रिल २०२३ सगळे पाळीव पक्षी आत ठेवायचा हुकूम होता. पाच महिन्यांहून जास्त काळ, वर पक्कं छत आणि बाजूंना २५ मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेली जाळी. रोगापासून पक्षी वाचवायला हे गरजेचं होतं, पण कोंडलेल्या कळपाला टोचणीची सवय लागायला एवढा काळ पुरून उरतो.

नाशिककडे हा विषय आपला वाटत नाही. दिंडोरी-सिन्नरच्या वस्तीवरची गावरान कोंबडी सकाळी डालग्यातून सुटली की संध्याकाळपर्यंत गोठा, उकिरडा, बांध फिरत असते. तिला शेजारणीची पिसं उपटायला सवड नसते. तिचं आयुष्य सुखाचं असतं असं नाही. मुंगूस आहे, मांजर आहे, मानमोडी (राणीखेत रोग) आली की वस्तीच्या वस्ती रिकामी होते. पण कंटाळा तिला ठाऊक नाही. अडचण आता आहे ती नाशिक शहरात, गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या बंगल्यांत आणि गच्च्यांवर, जिथे हौसेने चार-सहा कोंबड्या आणून लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्या जातात. तिथली परिस्थिती नेमकी इंग्लंडच्या त्या हिवाळ्यासारखी असते.

पिसं गेलेली कोंबडी दिसली की लगेच औषध शोधू नये. आधी तिला पंखांसकट अंगाशी धरून उजेडात न्यावं आणि कुठली पिसं गेलीत ते बघावं. बहुतेक वेळा जागाच कारण सांगते. डोकं आणि मानेपासून सुरुवात होऊन मग पाठ, छाती, पंख, शेपटी अशा क्रमाने पिसं जात असतील, कातडी स्वच्छ असेल आणि तिच्यातून नव्या पिसांच्या टोकदार काड्या वर येत असतील, तर ती नेहमीची पिसझड आहे. आठ ते बारा आठवडे चालते, अंडी बंद होतात. दिवस लहान होऊ लागले की ती सुरू होते. इंग्लंडमध्ये जूनचा दिवस सोळा तासांच्या वर आणि डिसेंबरचा आठाच्या आसपास, म्हणून शरदात अख्खा कळप एकदमच बोडका होतो. नाशिकला फरक जेमतेम अडीच तासांचा, त्यामुळे झड मागेपुढे, रेंगाळत होते आणि मालक घाबरतो.

फक्त छाती-पोट उघडं असेल, कोंबडी खोक्यात बसून फुगत असेल, तर ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली आहे. पिसं तिनेच उपटली. पाठ आणि डोक्यामागची जागा गेली असेल तर कोंबडा बघा. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात. त्याहून कमी असल्या तर त्याच त्याच एकीवर भार येतो. तिच्या पाठीवर जाड कापडाची झूल बांधतात, पंखांखालून इलॅस्टिक घालून. झुलीखाली उवा साठतात, म्हणून आठवड्यातून एकदा काढून बघायची. सगळ्याच कोंबड्यांची मान फक्त पुढून घासलेली असेल तर खाद्याच्या भांड्याची कड किंवा जाळी तपासा.

शेपटीच्या मुळाशी पिसांचे कणे अर्धवट तुटलेले दिसले, की ती शेजारणीची चोच. तुऱ्यावर आणि डोक्यावर खपल्या असतील तर ते भांडण आहे, म्हणजे वेगळा आजार आणि वेगळा उपाय. गुदाभोवती पिसं नसतील तर दोन शक्यता असतात. पिसांच्या बुडाशी पांढरट गाठी चिकटलेल्या दिसल्या तर त्या उवांच्या लिखा. तसं काही नसून कातडी लाल, ओली असेल तर टोचणी तिथवर पोचली आहे आणि त्याच तासाला ती कोंबडी वेगळी काढायला हवी. तिथून रक्त आलं की उरलेल्या मिळून तिला आतड्यापर्यंत फाडतात.

लाल माइट, म्हणजे रक्त पिणारा बारीक किडा, दिवसा अंगावर सापडत नाही, ती लाकडाच्या फटीत राहते. अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी टॉर्च घेऊन जायचं आणि बसायच्या दांडीचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे खालून पांढरा कागद घासायचा. कागदावर लालभडक रेघ उमटली तर ते रात्री प्यालेलं रक्त आहे. रात्रभर चावे बसलेली कोंबडी दिवसा चिडलेली असते आणि टोचणीला तिथूनही तोंड फुटतं. दांड्या काढून फटी उकळत्या पाण्याने धुवाव्यात, आठवड्याने पुन्हा, कारण अंडी उरतात.

आता खाद्य, आणि या बाबतीत मात्र इंग्लंडचं पारडं जड आहे. पीस जवळपास सगळं प्रथिनाचंच असतं, आणि त्यासाठी गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात. तिथे प्रत्येक गोणीवर प्रथिनाचं प्रमाण छापलेलं असतं, अंड्यावरच्या कोंबडीला १६ टक्क्यांच्या आसपास, आणि लोक ते वाचूनच गोणी घेतात. आपल्याकडे मका आणि बाजरीवर भागवलं जातं. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के, बाजरीत अकराच्या आसपास. प्रथिनं कमी पडली की कोंबडी पडलेली पिसं खाते आणि मग अंगावरची. शेंगदाणा पेंड घालून प्रथिनं वाढतात, पण तिच्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि पेंडीला बुरशी लागली तर विष होतं. थोडी सूर्यफुलाची पेंड किंवा सुकट घातलेली बरी. सुकट खारट असेल तर धुऊन, उन्हात वाळवून. मीठ अजिबात नसलं तरी टोचणी वाढते, आणि जास्त झालं तर कोंबडी मरते, म्हणून तयार लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) हाच पाया ठेवावा: दर कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम. वरचे दाणे मूठभराच्या आत, तेही दुपारी, भुश्यात विखरून. खाद्य गोळीचं न घेता भरड घ्यावं, ती खायला कितीतरी जास्त वेळ लागतो. द्राक्षबागेतला पाला मात्र फुकट मिळतो म्हणून टाकू नये. गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठी केलेल्या छाटणीनंतर) त्यावर किती फवारे बसतात हे नाशिककरांना सांगायला नको.

मेथी, कोथिंबीर, कोबी, शेवग्याचा पाला जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला टांगावा, जमिनीवर टाकू नये. टांगलेल्या जुडीला टोचायला मेहनत पडते आणि ती तासन् तास पुरते. आपल्याला ही मुभा आहे, ती वापरावी. शिवाय धुळीत लोळायला दोन फूट लांब-रुंद खोक्यात वीतभर कोरडी माती, वाळू आणि चुलीची राख. गच्चीवर हे नसेल तर बाकी सगळं करूनही टोचणी सहसा थांबत नाही. पिंजऱ्यात दर कोंबडीला दहा चौरस फूट तरी मोकळी जागा आणि दांडीवर वीतभर जागा हवी.

दादागिरीबद्दल. कोंबड्यांत टोचण्याची उतरंड असते, हे थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२१ साली मांडलं. ती उतरंड मोडायला जाऊ नये, ती असल्यामुळेच रोजची भांडणं टळतात. खालच्या कोंबडीला खायला मिळतंय ना, एवढं बघायचं. दोन भांडी खाद्याची, दोन पाण्याची, एकाजवळून दुसरं दिसणार नाही अशी. मध्ये एखादी फळी आडवी उभी केली की पळणाऱ्या कोंबडीला आडोसा मिळतो. एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल तर छळणारीला काढा, पाच-सात दिवस नजरेआड ठेवा. परत आल्यावर तिला खालून सुरुवात करावी लागते. मार खाणारीला काढलं तर परतल्यावर तिचे आणखी हाल होतात. तिला काढायचं ते फक्त रक्त असेल तेव्हा.

नवी तलंग (अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी) एकटी कधीच सोडू नये, दोन तरी हव्यात. दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळ्या, मग आठवडाभर जाळीपलीकडे, मग रात्री अंधारात दांडीवर.

आणि जखम भरल्यावर कोंबडी लगेच कळपात सोडायची घाई करू नये. मुळासकट उपटलेलं पीस लगेच पुन्हा उगवू लागतं, अर्धं तुटलेलं मात्र पुढच्या झडीपर्यंत तसंच राहतं. उगवणाऱ्या त्या काड्यांत रक्त भरलेलं असतं, एक टोच बसली तरी धार लागते. काड्या उमलून पिसं पसरली, उघडी कातडी झाकली गेली, की मग सोडा.