कांदा, पिपाणी आणि दिंडोरी

टोपलीतल्या कांद्याला कोंब फुटलेला दिसला की मन दिंडोरीला जातं, नाशिक जिल्ह्यातल्या या मतदारसंघातल्या २०२४ च्या लोकसभा निवडणुकीकडे. नाशिककडच्यांना याचं कारण सांगायला नको.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. पात कापताना बायका बोटभर मान ठेवतात. अगदी बुंध्याशी कापली तर सड तिथूनच आत शिरते. मग निवडणी. गोल्टी म्हणजे बारीक कांदा बाजूला, जोड कांदा बाजूला, डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा आलेला बाजूला, उरेल तो चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर कोठारात. खालून-बाजूनं वारा खेळता राहिला तर चार-पाच महिने टिकतो. लाल कांद्याचं मात्र असं नाही. काढला की विकायचा, भाव असो नसो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा शेतात नेमका लाल कांदा होता. भाव पडला की काढणीचं मन होत नाही, आणि काढणी थांबली की निवडणाऱ्या बायकांची मजुरीही थांबते. ४ मे २०२४ ला बंदी उठली खरी, पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यात भाव आणि वर ४० टक्के निर्यात शुल्क. दिंडोरीचं मतदान होतं २० मे ला. तोवर लोकांच्या मनातली निवडणी उरकलेली.

उमेदवार बघा. एकीकडे भाजपच्या भारती पवार, तेव्हा केंद्रात राज्यमंत्री, २०१९ ला जवळपास दोन लाखांनी निवडून आलेल्या. या लोकसभा मतदारसंघातल्या विधानसभेच्या सहा जागा म्हणजे दिंडोरी, कळवण, येवला, निफाड, चांदवड, नांदगाव, सहाही आमदार महायुतीचे. समोर शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे, पेशानं शिक्षक. त्यांचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' फेब्रुवारीतच मिळालेलं, म्हणजे वस्त्या-पाड्यांवर ते चित्र डोळ्यांत बसायला तीन महिनेसुद्धा नाहीत.

आणि यादीत आणखी एक भगरे! बाबू भगरे, अपक्ष. त्यांचं चिन्ह म्हणजे लग्नाच्या बँडमधली पिपाणी, पण तेव्हा यादीत नाव तिचंही तुतारीच. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, शेवटी नोटा. प्रत्येक गटात नावं अक्षरांच्या क्रमानं. निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, शेजारच्या पेटीत काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, आणि बीप वाजतो. चूक कळायला सात सेकंद पुष्कळ झाले. ती दुरुस्त करायला बटणच नाही. पिपाणीला १,०३,६३२ मतं पडली.

या आकड्यावर खूप जण हसले, आणि ते हसणं मला अजून खटकतं. एवढ्याशा चित्रावरून माणूस ओळखायचा, त्यात आडनाव तेच, वाद्य तेच. हसणाऱ्यांनी एकदा ढिगाशी बसून दिवसभर गोल्टी निवडून दाखवावी.

एवढी मतं तिकडे जाऊनही भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी निवडून आले. मंत्री हरल्या, मास्तर दिल्लीला गेले. कांद्यानं सत्तेला रडवलं वगैरे मथळे तयारच होते.

मग नोव्हेंबरात विधानसभा लागली. त्याच सहा मतदारसंघांनी तेच सहा आमदार पुन्हा मुंबईला पाठवले. आता बोला.