गच्चीवरच्या विजेची फाईल

ठाण्यातल्या पाचपाखाडीतल्या आमच्या ४० सदनिकांच्या जुन्या सोसायटीची सचिव म्हणून गच्चीवर २० किलोवॉटचा सौर संच बसवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. पॅनल सहा दिवसांत चढले. कागदपत्रांना मात्र सात महिने लागले.

पहिला पेच अनुदानाचा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे आम्हाला ३,६०,०००. अट अशी की, पॅनलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले हवेत. असे पॅनल महाग पडतात, म्हणून ठेकेदाराने अनुदानावर पाणी सोडून परदेशी सेलचे पॅनल घेण्याचा सल्ला दिला आणि सर्वसाधारण सभेचा दीड तास त्यावरच गेला. देशी कारखाने उभे राहावेत हा हेतू मला पटतो. शेवटी देशी पॅनलच घेतले; परंतु अनुदान संच सुरू झाल्यानंतर मिळत असल्याने तोवरचा भार दुरुस्ती निधीनेच सोसला.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा, म्हणजे वीज कंपनीने मीटरला ठरवून दिलेल्या कमाल वापरापेक्षा, जास्त असून चालत नाही, आणि आमच्या सामाईक मीटरच्या बिलावर कोपऱ्यात छापले होते : १४ किलोवॉट. तो वाढवून घेतला.

खरी अडचण तांत्रिक तपासणीची, म्हणजे संच वीज कंपनीच्या जाळ्याला जोडता येईल का हे पाहण्याची. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीने १० किलोवॉटपर्यंतच्या संचांना ही तपासणी माफ केली आहे. त्यापुढील संचांची तपासणी १५ दिवसांत झाली नाही, तर मंजुरी मिळाली असे मानले जाते. २०३० पर्यंत कोळसा-तेलासारखी जीवाश्म इंधने सोडून इतर स्रोतांची ५०० गिगावॉट वीजक्षमता उभारण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट मी वर्तमानपत्रात वाचत होते, तेव्हा त्यातले आमचे २० किलोवॉट वीज कंपनीतल्या एका टेबलावर पाच आठवडे पडून होते. अखेर तो नियम छापून, लाल शाईने अधोरेखित करून पत्राला जोडला आणि प्रतीवर आवक शिक्का घेतला. तिसऱ्या दिवशी अभियंता गच्चीवर हजर! पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते, हे त्यांनी पावलांनी मोजले आणि दोन पॅनल पलीकडे सरकवायला सांगितले. सूचना रास्त होती.

जाळ्यातून घेतलेली आणि जाळ्याला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरच्या पहिल्या बिलात आयात आणि निर्यात असे दोन आकडे आले. कोषाध्यक्ष काकांनी चष्मा वर करून विचारले, "ताई, ही निर्यात जाते कुठे?" मी खिडकीतून समोरच्या पिठाच्या गिरणीकडे बोट दाखवले.