मिनी १/२४ : गुलाबी छताचा निकाल लागला

मिनी गाडीचं १/२४ मापाचं प्लास्टिकचं मॉडेल मी करतेय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की लाल रंग छान बसलाय, छत सोडून बाकी बॉडी मास्क करून (टेपने झाकून) झाली, आता पांढरा मारला की गाडी क्लिअरला, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला, तयार. पांढरा मारला. रात्री छत स्वच्छ दुधाळ दिसत होतं. सकाळी दिव्याखाली धरलं तर गुलाबी. तेही सगळीकडे सारखं नाही. मधोमध फिकट, आणि छताभोवतीच्या पन्हळीच्या कडेला, जिथे हात ओला पडला होता, तिथे चांगलंच दाट. वरून अजून एक कोट दिला. दोन तास पांढरा राहिला आणि पुन्हा गुलाबी झाला. पाचव्या कोटानंतर पन्हळीची कड बुजायला लागली, तेव्हा एअरब्रश खाली ठेवला.

म्हणून तीन आठवडे काही लिहिलं नाही. आता उत्तर सापडलंय, आणि लाल-पांढऱ्या गाड्या करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की किट तामिया या जपानी कंपनीचं मिनी कूपर १२७५ एस आहे, आणि त्यातून मी ३३ ईजेबी या नंबर प्लेटची गाडी करतेय. १९६४च्या मॉन्टे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी पहिली आणलेली, १०७१ सीसीची, ३७ नंबरची मिनी. लाल बॉडी, वर ओल्ड इंग्लिश व्हाइट छत. म्हणजे हे दोन रंग जिथे भिडतात ती रेघ हीच या मॉडेलची खरी परीक्षा. ती बिघडली तर बाकी कितीही तपशील भरला तरी गाडी खोटी दिसते.

आधी वाटलं लाल नीट वाळला नसेल. मग वाटलं पांढरा फार पातळ केला. अंदाज करत बसण्यापेक्षा सहा प्लास्टिकचे चमचे घेतले, सगळ्यांना तोच प्रायमर दिला आणि पाठीवर नंबर घातले. पहिल्यावर लाल आणि अर्ध्या तासाने पांढरा. दुसऱ्यावर लाल, दहा दिवस वाळवून मग पांढरा. तिसऱ्यावर लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये लॅकर क्लिअर. चौथ्यावर मध्ये चंदेरी. पाचव्यावर लालवर पाण्याचा अ‍ॅक्रिलिक पांढरा. सहाव्यावर उलटं, आधी पांढरा आणि अर्ध्या भागावर टेप लावून लाल.

पहिला गुलाबी झाला, यात नवल नव्हतं. दुसराही तितकाच गुलाबी झाला, तिथे मात्र डोळे उघडले. दहा दिवस वाळवूनही काडीचा फरक नाही. माझे लाल-पांढरे दोन्ही लॅकर रंग. लॅकर रंग वाळतो म्हणजे त्यातला सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) उडून जातो, बाकी काही होत नाही. वरून पुन्हा तोच सॉल्व्हंट पडला की खालचा थर मऊ पडतो, मग तो कालचा असो की महिन्यापूर्वीचा. त्यात लालमधली काही रंगद्रव्यं अशा सॉल्व्हंटमध्ये थोडी विरघळतात आणि ओल्या पांढऱ्यातून वर चढतात. जितका ओला कोट तितकी चढायला सोपी वाट. कडा जास्त गुलाबी का झाल्या होत्या, तेही इथेच कळलं. तिसऱ्या चमच्यावरच्या क्लिअरने थोडा उशीर केला, पण थांबवलं नाही, कारण तोही लॅकरच.

चौथा चमचा आजपर्यंत पांढरा आहे. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमचे चपटे कण असतात, ते कौलांसारखे एकावर एक बसतात आणि लालची वाट अडवतात. पाचवाही पांढरा राहिला, पण दुसऱ्या दिवशी २००० ग्रिटच्या सँडपेपरने हलकं घासायला गेले तर थर सालीसारखा निघाला. छतासारख्या मोठ्या, चकचकीत भागाला तो रंग मी वापरणार नाही. सहाव्यावरची रेघ सर्वांत स्वच्छ आली.

टू-के क्लिअरने, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरने, अडवता येईल का, हे कुणी विचारेलच. येईल, तो रासायनिक क्रियेने पक्का होतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतात, आणि माझ्या बंद खोलीत, साध्या स्प्रे बूथवर मी तो मारणार नाही. योग्य मास्क आणि हवा बाहेर टाकण्याची चोख सोय असेल त्यांनीच त्या वाटेला जावं.

बॉडीवर आधीच पाच कोट होते, वर चंदेरी मारली असती तर पन्हळ पूर्ण गेली असती. म्हणून सगळं उतरवायचं ठरवलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी बुडवली, तासातासाने जुन्या टूथब्रशने घासत राहिले. रात्रभर ठेवू नका. मी ठेवली, आणि सकाळी पुढच्या काचेचा डावा खांब हातात घेताच तुटला. १/२४मध्ये अख्खी मिनी १२७ मिलिमीटरची, त्यात तो खांब केवढा! त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण त्याच खांबावर मिनीची ती बाहेर आलेली वेल्डची शिवण आहे, आणि ती मी आधीच घासून बारीक केली होती.

नुसत्या सिमेंटने, म्हणजे मॉडेलच्या गोंदाने, असला जोड टिकत नाही. दोन्ही टोकांना ०.३चं भोक पाडलं आणि गिटारची सर्वांत बारीक तार, ०.२५ मिलिमीटरची, तीन मिलिमीटर कापून आत घातली. वर एक्स्ट्रा थिन या पातळ सिमेंटचा एक स्पर्श. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबून पाहिला, हलला नाही. आता उजवा खांबही असाच आतून बांधून घ्यावा का, असा विचार चाललाय. तुटलेला नसताना भोक पाडायची हिंमत मात्र अजून होत नाही.

मग सहाव्या चमच्याप्रमाणे. आधी प्रायमर, मिस्टर सरफेसर १५००, पांढरा. त्यावर छताला रेसिंग व्हाइट, चार पातळ कोट. शुद्ध पांढरा इथे चालत नाही. ओल्ड इंग्लिश व्हाइटमध्ये सायीसारखी पिवळसर झाक आहे, आणि लालशेजारी ती लगेच कळते.

मास्किंगला आधी एक मिलिमीटरची लवचिक व्हिनाइल टेप वापरली. वळणावर ती सुंदर बसते, पण ताण देऊन लावली की तासाभरात मूळ जागी परत सरकते आणि बारीक फट उघडते. त्यामुळे ती काढून तामियाच्या पिवळ्या टेपच्या पाऊण मिलिमीटरच्या पट्ट्या नव्या ब्लेडने कापल्या आणि पन्हळीच्या खालच्या अंगाला लाकडी टूथपिकने दाबत नेल्या. एका बाजूला पाऊण तास गेला. या टेपला पर्याय मला आजवर सापडलेला नाही.

लाल मारायच्या आधीच एक कल्पना सुचली आणि बेत बदलला. आधी ठरलं होतं, की छत आणि बॉडी दोन्ही झाल्यावर एकदमच क्लिअर मारायचा. पण ओला क्लिअर रेघेवरून गेला तर लाल तिथेही आडवा पसरणारच. मग छताचा क्लिअर आधीच का मारू नये? टेप काढली, छताला क्लिअर दिला, दोन दिवस थांबले, पुन्हा टेप लावली आणि टेपच्या कडेवरून त्याच क्लिअरचा एक धुक्यासारखा हात फिरवला. फट राहिलीच असेल तर तिच्यात क्लिअर शिरतो आणि लालला जागाच उरत नाही. दोन दुखणी एकाच उपायाने गेली.

काल संध्याकाळी लाल मारला. एअरब्रशला ०.३ची नीडल, हवेचा दाब साधारण १८ पीएसआय, पहिले दोन कोट कोरडे आणि तिसरा जरा ओला. वीस मिनिटांनी, रंग अजून मऊ असतानाच, टेप तिच्याच अंगावर दुमडत हळूहळू मागे ओढली. रेघ! पुढच्या काचेपासून मागच्या खांबापर्यंत एकसलग, सुरीने कापल्यासारखी. मागच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढा लाल ठिपका आहे, तो टूथपिकच्या टोकाने निघेल. आज सकाळी उठल्याबरोबर छत पाहिलं. सायीचा रंग तसाच आहे.

रंग वाळेपर्यंत बॉनेटचे चामडी पट्टे केले. टेपची एक मिलिमीटरची पट्टी, तपकिरी रंग, वर तेलरंगाचा किंचित हात. बकलसाठी वायरमधला तांब्याचा एक धागा चौकोनी कानशीवर गुंडाळून कापला. चौथं बकल मनासारखं झालं, दीड मिलिमीटरचं, मधली जीभही आहे. भिंगातून पाहिलं की पट्टा खरोखर ओवल्यासारखा दिसतो.

डेकल, म्हणजे गाडीवर चिकटवायचे छापील नंबर, मात्र पुन्हा मागवावे लागणार. मागवलेल्या शीटवर पांढरा आणि काळा एकमेकांवर नीट बसलेले नाहीत, ३७च्या एका बाजूने पांढरी किनार डोकावते. विक्रेत्याला फोटो पाठवला होता, उत्तर आलं नाही. पांढरा पातळही आहे, लालवर ठेवला की खालचा रंग दिसतो. दोन डेकल एकावर एक लावण्यापेक्षा आता वाटतंय, की स्टेन्सिल कापून नंबर रंगवूनच टाकावा, आणि खाली चौथ्या चमच्याची चंदेरी द्यावी. लालवर पांढरा इथेही येतोच आहे. उद्या सातवा चमचा करते. तो पांढरा राहिला तर डेकल मागवायचे नाहीत.